पेटी माळ्यावर टाकण्यापूर्वी

वाचकहो, आपल्या घरात बाजाची पेटी आहे का? असल्यास ती सध्या कोठे आहे, हे एकदा आठवून पाहावे. दिवाणखान्यात, पलंगाखाली, की माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे?

मांजरी बुद्रुकच्या आमच्या घरातली पेटी गेल्या वर्षी माळ्यावर जाता जाता राहिली. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ८१ वर्षांचे आहेत. गावच्या भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षे पेटीची साथ केली. तुकोबांची पालखी हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघाली, की पेटी गळ्यात अडकवून रस्त्याच्या कडेला उभे राहणारे अण्णा आमच्या साऱ्या आळीला ठाऊक आहेत. गेल्या दसऱ्यानंतर त्यांनी पेटीवर कापड घातले आणि ते पुन्हा काढलेच नाही. महिनाभराने विचारले, तेव्हा म्हणाले, "सूनबाई, बोटं ऐकत नाहीत आता. माळ्यावर टाका ती."

त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मला चांगली वाटली नाही. अण्णांचे जेवण कमी झाले. दुपारची झोप लांबली, रात्रीची उडाली. फिरायला म्हणून रेल्वे स्थानकापर्यंत जाणारे पाय ओट्यापाशीच थबकू लागले. एका दवाखान्यात दाखवले, तर तेथील डॉक्टर हसून म्हणाले, "या वयात पेटी कशाला हवी आजोबा? आराम करा." अण्णा काही बोलले नाहीत. घरी येताना रिक्षात त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, ते मात्र माझ्या लक्षात राहिले.

त्याच दिवसांत माझ्या वाचनात गोविंदराव टेंबे आले.

आपल्यापैकी ज्येष्ठांना हे नाव नवे नाही. 'मानापमान'च्या चाली ज्यांनी बांधल्या तेच हे. तरुण शुश्रूषाकर्त्यांसाठी थोडे सांगते. गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे झाला. पेटी त्यांनी कोणापुढे बसून रीतसर शिकल्याचे दिसत नाही. कानाने ऐकले आणि हाताने काढले. कोल्हापूर त्या वेळी गाण्याने भरलेले होते. अल्लादियाखाँसाहेब तेथे दरबारी गायक होते. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याने तर टेंब्यांना वेडच लावले. बुवांच्या साथीला बसून त्यांनी पेटीला जे वळण दिले, त्याने ते अव्वल वादक ठरले. त्यांच्या स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम लोक गाण्याच्या बैठकीसारखे ऐकत.

येथे थोडे थांबून पेटीची अडचण समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. हे वाद्य मूळचे युरोपातले. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर देबेन याने त्याचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायचे ते वाद्य आपल्याकडे आले आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसून हाताने वाजवण्याजोगे रूप दिले. सोय झाली, पण दोष राहिला. पेटीचे सूर पट्ट्यांत बांधलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत. गळ्यातून येणारे गाणे या तुटक पट्ट्यांवर उभे करायचे, तर वादकाच्या कानात ते आधी पूर्ण वाजलेले असावे लागते. बोटे केवळ निरोप पोचवतात. टेंब्यांचे मोठेपण या कानात होते.

म्हणूनच त्यांचे आयुष्य पेटीपाशी थांबले नाही. ते आता पाहू.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्याच्या संगीताची जबाबदारी टेंब्यांवर होती. त्यापूर्वीच्या नाटकांतली पदे पुष्कळदा साकी, दिंडी, कानडी चाली अशा ओळखीच्या घाटांत बसवलेली असत. टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, कजरी, दादरा अशा गानप्रकारांतला रंग आणला. आधी चाल, मग त्या चालीत बसणारे खाडिलकरांचे शब्द, असा हा उलटा प्रवास होता. ज्यांचे बालपण या पदांच्या तबकड्यांवर गेले त्यांना त्या चालींचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. हे वाचतानाच त्या कानात वाजू लागल्या असतील. त्या वेळी चालकार ३० वर्षांचाही नव्हता.

दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे आता भागीदार होते आणि नटही होते. ही भागीदारी त्यांनी थोड्याच वर्षांत सोडली आणि स्वतःची शिवराज संगीत मंडळी उभी केली. तीही पुढे बंद पडली. नाटक कंपनी चालवणे आणि संगीत जाणणे ही निरनिराळी कौशल्ये असतात, असे माझे मत. त्या काळातल्या किती गुणी माणसांनी कंपनीच्या पायी घरदार ओतले, हे आठवले की टेंब्यांबद्दल विशेष नवल वाटत नाही.

मला नवल वाटते ते पुढच्या टप्प्याचे. बोलपट आला आणि संगीत नाटकाचे दिवस ओसरू लागले. अशा वेळी पन्नाशीला आलेला माणूस काय करतो? सहसा कुरकुर करतो. टेंबे कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत गेले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला. त्याचे संगीत टेंब्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तारामती होत्या दुर्गा खोटे. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. आपल्या वयाच्या ५० व्या वर्षी एक सर्वस्वी नवे यंत्र, म्हणजे ध्वनिग्राहक आणि कॅमेरा, समोर ठेवून उभे राहायचे, हे धाडस मला त्यांच्या वादनाहूनही थोर वाटते.

मग लेखणी आली. 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक १९३९ सालचे, म्हणजे ते ५८ वर्षांच्या आसपास असतानाचे. ज्यांना ऐकले, ज्यांच्या मागे बसून साथ केली, त्या गवयांविषयी मराठीत इतक्या जाणतेपणाने त्यापूर्वी क्वचितच लिहिले गेले होते. 'माझा जीवनविहार' १९४८ मध्ये आले. अखेरच्या काळात त्यांनी नभोवाणीसाठी 'महाश्वेता', 'जयदेव' अशा संगीतिका रचल्या. यात एक गंमत आहे. याच नभोवाणीने १९४० पासून पेटीला आपल्या दारात मज्जाव केला होता. पेटीचे सूर भारतीय संगीताला मारक आहेत, असा तो आक्षेप. ती बंदी १९७१ नंतर सैल झाली. टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गेले. म्हणजे ज्या वाद्याने त्यांना नाव दिले, त्याला नभोवाणीचे दार उघडलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण त्यांचे स्वतःचे संगीत त्या दारातून केव्हाच आत गेले होते.

पेटी, रंगभूमी, भागीदारी, बोलपट, लेखन, संगीतिका. एक दार लागले की हा माणूस दुसऱ्यापाशी जाऊन उभा राहिलेला दिसतो. अण्णांना हे सारे मी संध्याकाळी वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत, आणि मध्येच एखाद्या पदाची चाल टाळूवर जीभ लावून गुणगुणत. बोटे ऐकत नव्हती. कान मात्र ऐकत होते.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कीथ एमर्सन या इंग्रज वादकाचे नाव आपल्या नातवंडांपैकी कोणाला ठाऊक असेल. १९४४ साली जन्मलेला हा कलावंत रॉक संगीतात ऑर्गन आणि सिंथेसायझर वाजवी, स्वतः रचना करी. १९७० मध्ये त्याने दोघा साथीदारांसह काढलेला वाद्यवृंद जगभर गाजला. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि रॉक यांची सांगड घालणाऱ्यांत तो अग्रभागी होता. विजेसारखी बोटे, ही त्याची ख्याती. १९९३ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूंचे दुखणे सुरू झाले. शस्त्रक्रिया झाली, मोठा खंड पडला, तो पुन्हा मंचावर आला. पण हात पूर्वीचा राहिला नाही. मार्च २०१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. पुढच्या कार्यक्रमांत आपण रसिकांची निराशा करू, या भीतीने तो खचला होता, असे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले.

अशा मृत्यूला एकच एक कारण कधी नसते, आणि दूर बसून आपण निवाडा करू नये. परंतु ज्याची ओळखच हाताशी जोडलेली आहे, अशा माणसाचा हात थकतो तेव्हा केवळ हात थकत नाही, एवढे तरी आपण शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानी धरावे. सुताराचा, शिंप्याचा, स्वयंपाकात आयुष्य घालवलेल्या आजीचा हात, साऱ्यांना हेच लागू आहे. वृद्धापकाळातले नैराश्य पुष्कळदा "मन उदास आहे" असे शब्दांत बोलून दाखवत नाही. ते भूक मंदावण्यातून, झोप बिघडण्यातून, आवडीची गोष्ट अचानक सोडून देण्यातून दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे. उतारवयातही नैराश्यावर उपचार होतात आणि गुण येतो. जगणे नको झाले असे बोल घरात ऐकू आले, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आम्ही अण्णांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बोटे हातात घेऊन नीट पाहिली. त्यांनी समजावलेले येथे सांगते, कारण बोटांच्या साऱ्याच तक्रारी एक नसतात.

अण्णांच्या बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. ही सांध्यांची झीज. सकाळी बोटे ताठ असतात, थोड्या हालचालीने मोकळी होतात. यात हलका वापर बाधत नाही, उलट उपयोगी पडतो. दुखेपर्यंत ताणणे तेवढे टाळायचे. सांधे लाल, गरम, सुजलेले असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभराहून अधिक टिकत असेल, तर तो संधिवाताचा निराळा प्रकार असू शकतो व त्यावर लवकर औषध सुरू होणे महत्त्वाचे असते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटापाशी शीर दबलेली असू शकते. बोट वाकून अडकते आणि खटकन सुटते, तो स्नायुबंधाच्या आवरणाचा दोष. आणि एक विचित्र प्रकार वादकांत आढळतो: दुखत काहीच नाही, पोळी लाटता येते, सही करता येते, परंतु वाद्यावर हात ठेवला की बोटे आपोआप आत वळतात. हा मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचा गोंधळ असतो आणि जास्त सराव केल्याने तो बिघडतो. मज्जाविकारतज्ज्ञांनाच दाखवावे. कंप सुटत असेल तर तेही त्यांचेच काम. आपल्या पु. ल. देशपांड्यांनाही अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या आजाराने गाठले होते. पेटी वाजवणारे, चाली बांधणारे ते हात आठवले की जीव गलबलतो. या आजाराचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय यांच्यासाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदतगट काम करतो. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तेल चोळीत बसू नये. तो पक्षाघात, तत्काळ रुग्णालय गाठावे.

अण्णांची पेटी पुन्हा खाली कशी आली, ते आता.

पहिली अडचण बोटांची नव्हतीच, गुडघ्यांची होती. मांडी घालून बसता येत नाही, हे सांगायला त्यांना संकोच वाटे. आम्ही पेटी टेबलावर ठेवली आणि पुढे हात नसलेली, पाठ टेकता येईल अशी खुर्ची मांडली. टेबल इतक्या उंचीचे हवे की कोपर पट्ट्यांच्या पातळीत राहील आणि खांदा उचलावा लागणार नाही. पेटीचे वजन दहा-बारा किलो सहज असते. ती ज्येष्ठांनी स्वतः उचलू नये, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्यांनी. मग पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याने भाता दाबून पाहिला आणि म्हणाला, "अहो, भाता गळतोय. डावा हात दुखणार नाही तर काय?" त्याने भात्याची गळती बंद केली आणि आणखी एक गोष्ट दाखवली. आमची पेटी कपलरची आहे. कपलर लावला की एक पट्टी दाबताना वरच्या वा खालच्या सप्तकातली जोडीची पट्टीही दबते. आवाज भरदार येतो, पण बोटाला दुप्पट जोर लागतो. तो काढून टाकल्याबरोबर पट्ट्या हलक्या झाल्या. चाळीस वर्षे अण्णांनी कपलर लावूनच वाजवले होते. भजनात टाळ-मृदंगापुढे पेटी ऐकू यायला हवी ना!

वाजवण्यापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात, मग मुठी उघडमीट. एका वेळी दहा मिनिटे, मग विसावा. द्रुत ताना नाहीत. अण्णांना ऐकू कमी येते आणि श्रवणयंत्रातून पेटी "पत्र्यासारखी" वाटते, अशी त्यांची तक्रार होती. ही यंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेली असतात. संगीतासाठी वेगळी जुळणी करून द्या, असे श्रवणतज्ज्ञांना सांगितल्यावर बराच फरक पडला. गाणाऱ्या आजींनाही एक सूचना: वयाबरोबर आवाज खाली उतरतो. तरुणपणी काळी चार असेल तर आज काळी दोन घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीही दोन शब्द. नावे, वार, जेवण झाले की नाही हे विसरणारी माणसे लहानपणीची गाणी पुष्कळदा संपूर्ण म्हणतात. संगीताने हा आजार बरा होत नाही. पण आंघोळीच्या वेळचा किंवा तिन्हीसांजेचा अस्वस्थपणा एखाद्या ओळखीच्या चालीने निवतो, हा अनेक घरांतला अनुभव आहे. चाल त्यांच्या तरुणपणची निवडावी, आपल्या नव्हे. आणि आवाज हळू ठेवावा.

आणखी एक इंग्रज वादक येथे आठवतो. जॉन लॉर्ड, डीप पर्पल या रॉक वाद्यवृंदाचा ऑर्गनवादक. रॉक वाद्यवृंद आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा यांना एकत्र वाजवायला लावणारी त्याची मोठी रचना १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर झाली. पुढच्याच वर्षी तिची स्वरलिपी हरवली. एका तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती सुरासुराने उतरवून काढली आणि १९९९ मध्ये त्याच सभागृहात रचना पुन्हा वाजली. लॉर्ड तेव्हा ५८ वर्षांचा होता. वयाची साठी ओलांडताच त्याने वाद्यवृंद सोडला तो रचना करण्यास वेळ मिळावा म्हणून, आणि २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रचना करीत राहिला. कागद हरवला तरी कान शाबूत असलेला कोणीतरी लागतो, हे अण्णांना फार आवडले. त्यांच्या चालींना तर कागदच नव्हता.

खरे सांगायचे तर अण्णा पुन्हा पूर्वीसारखे वाजवू लागले नाहीत. त्यांची करंगळी आणि अनामिका आजही एकत्रच पडतात. भजनी मंडळात जाऊन बसण्याचा आग्रह आम्ही एकदा केला. परत आल्यावर दोन दिवस ते बोलले नाहीत. तो आग्रह चुकीचा होता. जेथे काल आपण उत्तम होतो, तेथेच आज अडखळताना चारचौघांनी पाहावे, हे सोसणे सोपे नसते. शुश्रूषा करणाऱ्याच्या उत्साहालाही लगाम हवा.

गेल्या वैशाखात मंडळातलाच एक मुलगा आला. नववीत आहे. पेटी शिकायला मोबाइलवरची चित्रफीत पाहतो, पण मंडळाच्या जुन्या चाली तेथे नाहीत. त्या अण्णांखेरीज आता कोणाला पूर्ण येत नाहीत. अण्णांनी त्याला प्रथम नाही म्हटले. मग त्याने चुकीचा सूर लावला आणि अण्णांना राहवले नाही.

आता मंगळवारी आणि शनिवारी तो येतो. पेटी टेबलावर असते. तो वाजवतो, अण्णा गातात, डाव्या हाताने खुर्चीच्या कडेवर ठेका धरतात आणि चुकले की "अरे, थांब थांब" म्हणून स्वतः एक बोटाने ती जागा दाखवतात. आजवर सतरा चाली उतरल्या आहेत. प्रत्येकीचे नाव आणि पट्टी मी वहीत लिहून ठेवते, मुलगा मोबाइलवर आवाज साठवून घेतो. अजून किती राहिल्या, असे मी परवा विचारले. अण्णांनी बोटे मोजायला सुरुवात केली, दोन्ही हातांची संपवली, आणि म्हणाले, "तू आधी त्याला चहा टाक."